नानांचे नाना मुलूख

विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परमुलखात गेली आहेत. त्यातल्याच एकाला गावात ‘नाना’ म्हणतात असं समजा. हे नाना विजयवाड्यात राहिले, तर शेजारची पोरं आपापल्या बापाला ‘नान्न’ म्हणताना ऐकू येतील. वाराणसीत पेढी टाकली, तर ते एकदम आईचे वडील होणार. सुरतेत मात्र पंचाईत आहे. तिथं ‘मोटा वराछा’ आणि ‘नाना वराछा’ अशा दोन वस्त्या आहेत. गुजरातीत नाना म्हणजे लहान!

आपल्याकडचा नाना कुठल्या एका नात्याला बांधलेला नाही. कुणाच्या घरी तो बाप, कुणाकडे थोरला चुलता, कुणाकडे मोठा भाऊ. आणि पारावर बसलेल्या कुठल्याही वयस्क माणसाला ‘काय नाना, कवा आलासा?’ म्हणायला तर नातंही लागत नाही. साताऱ्यात शाहू छत्रपतींनी 1740 मध्ये पेशवाईची वस्त्रं दिली ती बाळाजी बाजीरावांना, म्हणजे नानासाहेबांना. वाईजवळ मेणवलीत कृष्णेकाठी ज्यांचा वाडा आजही उभा आहे ते नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. दोघंही बाळाजी आणि दोघंही नाना. वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंहांचं मात्र कागदोपत्री नावच नाना रामचंद्र पाटील.  

मग हे सगळे नाना एकमेकांचे कोण? सुरतेतल्या नानाचा मराठी नानाशी संबंध नाही, पण मराठी ‘लहान’शी आहे. संस्कृत ‘श्लक्ष्ण’, म्हणजे गुळगुळीत, नाजूक. त्याचं प्राकृतात ‘लण्ह’ झालं आणि त्यातून आपला लहान, हिंदीतला नन्हा आणि गुजरातीतला नानो आला, असं कोशकार मानतात. कानाला जे सख्खं वाटतं ते परकं आणि जे परकं वाटतं ते सख्खं, असा हा प्रकार आहे.

‘नाना तऱ्हा’मधला नाना तिसराच. तो थेट संस्कृतातून आला आणि त्याचा अर्थ वेगवेगळा, अनेक प्रकारचा. गंमत अशी की, ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातल्या 112 व्या सूक्तात एकाच ऋचेत हा ‘अनेक’वाला नाना आणि नात्याचा शब्द शेजारी येऊन बसले आहेत. सूक्त फार प्रसन्न आहे. माणसांचे धंदे वेगवेगळे, पण पोट सगळ्यांनाच भरायचं आहे, हा त्याचा सूर. कवी घरची ओळख करून देतो: आपण स्तोत्रं रचणारे, बाप वैद्य, आई दगडावर धान्य भरडणारी. बापासाठी शब्द आहे ‘तत’ आणि आईसाठी ‘नना’. लगेच पुढे ‘नानाधियः’ येतो, म्हणजे नाना प्रकारच्या बुद्धीचे. वेदातली नना ही बाई आहे हे लक्षात घ्या. यास्काचार्यांनी तर निरुक्तात नना म्हणजे आई किंवा मुलगी, असे दोन्ही अर्थ दिले आहेत.

एकच आवाज पिढी आणि लिंग दोन्ही ओलांडून इतका मोकळा कसा फिरतो? याचं पटणारं उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी दिलं. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मरडॉक यांनी जगभरातल्या भाषांमधून आईबापांसाठीचे 1072 शब्द गोळा केले होते. आईच्या शब्दांपैकी 55 टक्क्यांत म, न यांसारखे अनुनासिक होते, बापाच्या शब्दांत फक्त 15 टक्क्यांत. याकोबसन म्हणतात, अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड बंद असतं, त्यामुळे आवाज नाकातूनच निघतो. पुढे भूक लागली, माणूस हवं झालं की बाळ तोच आवाज काढतं आणि मोठी माणसं तो कुणाच्या तरी नावावर चढवतात. कुणाच्या, ते ज्या त्या समाजानं ठरवायचं. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई.

त्यामुळे घानातल्या अकान लोकांमध्ये आजी-आजोबांना आणि गावच्या प्रमुखांना ‘नाना’ म्हणतात हे ऐकून आपला शब्द जहाजात बसून तिकडं गेला, अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. इंग्रजी घरांत नाना ही आजी असते. जपानीत नाना म्हणजे सात, अरबीत किंचित घशातून म्हटलं की पुदिना. फ्रेंच बोलीत नाना म्हणजे पोरगी, आणि एमिल झोलाच्या 1880 च्या कादंबरीतली नाना ही मूळची आना. कनिष्काच्या नाण्यांवरही नना आहे, पण ती मेसोपोटेमियाकडून आलेली देवी. तिचा प्रवास खरा आहे, नाण्यांवर लिहिलेला आहे.

आपल्या शहरांतल्या ‘नाना-नानी पार्क’च्या पाटीवरचा नानाही असाच खरोखर प्रवास करून आलेला, हिंदीतून. मराठीत नानाच्या बायकोला नानी म्हणायची रीत नाही. तिथल्या बाकावर बसणारे सातारचे नाना घरी नातवंडांचे आजोबाच असतात.