सापडलेलं एटीएम कार्ड : आधी बँकेला कळवा

एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात किंवा एटीएमच्या खोलीत कुणाचं तरी कार्ड पडलेलं दिसतं. अशा वेळी काय करायचं, त्याविषयी आज बोलू या.

अंगठी सापडली तर आपण ती जपून ठेवतो आणि मालकीण शोधतो. कार्डाचं तसं नाही. कार्ड म्हणजे खात्याची किल्ली. किल्ली हरवली की आधी कुलूप बदलावं लागतं. म्हणून कार्ड मालकिणीच्या हाती पडण्यापेक्षा ते लवकर बंद होणं महत्त्वाचं. कार्ड बँक नवं देते. गेलेले पैसे परत मिळवताना मात्र चपला झिजतात.

इतकी घाई कशासाठी? बऱ्याच कार्डांवर लहरींसारखी खूण असते. ती सोय चालू असेल, तर दुकानात ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिन न टाकता नुसतं कार्ड टेकवून होते. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणी पिन विसरायला नको म्हणून कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवतात. असं कार्ड भलत्याच्या हाती गेलं, तर खातं रिकामं व्हायला पाच मिनिटं पुरतात.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम इथे लक्षात ठेवायचा. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन दुसऱ्याला कळल्यामुळे वगैरे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं असतं. कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे सगळं अडतं ते कळवण्याच्या वेळेवर. आपण लवकर हालचाल केली, तर ती वेळ अलीकडे येते.

आता करायचं काय? कार्ड उलटं करून पाहा. बहुतेक कार्डांवर मागच्या बाजूला बँकेचा फोन नंबर छापलेला असतो. तोच लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरावर जाऊ नका. तिथे खोटे कस्टमर केअर नंबर टाकून लोकांना फसवतात. फोनवर कार्डावरचं नाव सांगा, कार्ड कुठे आणि केव्हा सापडलं ते सांगा. खातेदाराचा नंबर बँक आपल्याला देणार नाही, आणि तेच बरोबर आहे. तिच्याशी बोलायचं काम बँकेचं. सापडलेलं कार्ड कळवण्यासाठी तुमचा पिन, ओटीपी किंवा खाते क्रमांक लागत नाही. कुणी मागितलाच, तर फोन ठेवून द्या.

मग त्या बँकेच्या जवळच्या शाखेत कार्ड नेऊन द्या. एकटीनं जायला संकोच वाटत असेल, तर गटातल्या कुणाला सोबत घ्या. कार्ड दिल्याची साध्या कागदावर पोच मागा. शाखा लांब असेल तर पोलीस ठाण्यात द्या. कार्ड एटीएमच्या खोलीत सापडलं आणि मशीनवर कुणाचा तरी व्यवहार अर्धवट उघडा दिसला, तर आधी ‘कॅन्सल’ दाबा.

काही गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. कार्डाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. हेतू चांगला असतो, पण नाव, नंबर, मुदत सगळं शेकडो जणांकडे जातं. शिवाय फोटोत नाव वाचून कुणीही म्हणेल, ‘माझंच आहे’. ग्रुपवर सांगायचंच असेल, तर ‘एक एटीएम कार्ड सापडलं आहे’ एवढंच लिहा. बँक कोणती, नाव काय, हे विचारणाऱ्यानं सांगावं.

घरातली पोरं म्हणतील, ‘मशीनमध्ये घालून बघू, चालतं का.’ त्यांना तिथल्या तिथे अडवा. सापडलेली वस्तू परत देण्यासाठी जपून ठेवणं हा गुन्हा नाही. पण मालक शोधता येत असताना ती स्वतःसाठी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे.

कार्ड ओळखीच्या बाईचं निघालं तर? थेट तिच्याच हातात द्या, पण म्हणा, ‘वहिनी, दोन दिवस हे कुठे होतं कोण जाणे, आधी बंद करून घ्या.’ कार्ड बंद केल्यानं खातं बंद होत नाही. लाडकी बहिणीचे १,५०० रुपये, गॅसचं अनुदान हे खात्यात येतं, कार्डावर नाही. ते येतच राहतं. पासबुक घेऊन शाखेत पैसेही काढता येतात.

मैत्रिणींनो, कार्ड हरवलेली बाई पुष्कळदा घरी सांगतच नाही. ‘एवढं सांभाळता आलं नाही?’ हे ऐकावं लागेल म्हणून ती दोन दिवस पिशव्या, डबे, गाद्या उलथत बसते, आणि बँकेला कळवायचं राहून जातं. म्हणून सुनेनं, लेकीनं येऊन सांगितलं, तर बोलणी नंतर. आधी फोन लावून द्या.

आणि आज रात्री एक काम करा. स्वतःच्या कार्डामागचा तो नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्ड हरवलं की त्याच्यावरचा नंबरही त्याच्याबरोबरच जातो.