पेट्रोलचं प्लंबिंग

"पाइपच जोडायचेत ना? मग ते तू कर," असं म्हणून ग्रुपने फ्युएल लाइनचं काम माझ्या गळ्यात मारलं. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये टर्बो बसवणारा हिरो असतो, ईसीयू ट्यून करणारा त्याहून मोठा हिरो असतो आणि पाइप जोडणारा नुसता प्लंबर! तर मित्रहो, हा लेख त्या प्लंबरचा आहे.

आमचं इंजिन म्हणजे भंगारातून आणलेलं मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. कंपनीतून निघालं तेव्हा ८५ बीएचपीचं. त्याला टर्बो लावून टेस्ट बेडवर १३० पर्यंत न्यायचं, असा आमचा (अति)उत्साही बेत होता. बूस्ट फार नाही, ०.६ बार.

आधी रेल म्हणजे काय ते सांगतो. सोसायटीच्या टाकीतून आलेल्या एका आडव्या पाइपवर चार नळ बसवलेत असं समजा. हा आडवा पाइप म्हणजे रेल, चार नळ म्हणजे इंजेक्टर. पंप टाकीतून पेट्रोल रेलमध्ये ढकलतो, रेलच्या दुसऱ्या टोकाला रेग्युलेटर असतो आणि जास्तीचं पेट्रोल तो रिटर्न लाइनने परत टाकीत सोडतो. ईसीयूला पेट्रोल मोजता येत नाही. तो फक्त नळ किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. तेवढ्या वेळात किती धार पडेल हे दाबावर अवलंबून. म्हणजे दाब चुकला की हिरोने केलेलं सगळं ट्यूनिंग पाण्यात.

पहिल्या रनलाच गडबड झाली. बूस्ट चढला की मिश्रण लीन व्हायचं. लॅम्डा ०.८० हवा होता, दिसत होता ०.८९, आणि आतून नॉकिंगची कडकड ऐकू यायची. असंच चालू ठेवलं असतं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागला नसता. सगळ्यांची बोटं अर्थातच माझ्याकडे! "पाइप बारीक पडतोय," असा निकाल लागला. मी वर्गणीतून ८ मिमीच्या जागी १० मिमी आतला व्यास असलेला रबरी होज आणला, रेलचं निपलही त्या मापाचं केलं. फरक शून्य.

मग वही काढली, जे आधी करायला हवं होतं. १३० बीएचपीला टर्बो पेट्रोल इंजिन ताशी साधारण ४८ लिटर पेट्रोल पितं. आमचा पंप ताशी १२० लिटर फिरवतो असं धरलं तरी ८ मिमीच्या पाइपात वेग सेकंदाला ०.६६ मीटर येतो, आणि ३ मीटर लांबीत दाब पडतो जेमतेम ०.०२ बार! फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हेच गणित मी पाठ करून सोडवलं होतं. पाइप निर्दोष होता.

दोष कुठे होता, तर ज्या गोष्टीवर आम्ही खूश होतो तिच्यात. रेलवरच्या प्रेशर गेजचा काटा आयडलला ३ बार, फुल बूस्टला पण ३ बार. "काय स्टेडी आहे बघ!" असं आम्ही एकमेकांना दाखवत होतो.

इथे जरा थांबून विचार करा. इंजेक्टरच्या मागे रेल असते, पण त्याचं तोंड मॅनिफोल्डमध्ये असतं. धार ठरते ती या दोन दाबांतल्या फरकावर. मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार बूस्ट आला की ३ बारातले ०.६ तोंडावरच अडतात, उरतात २.४. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे साधारण साडेदहा टक्के पेट्रोल कमी. आमच्या लॅम्डाची चूक नेमकी तेवढीच होती.

म्हणूनच रेग्युलेटरच्या डोक्यावर एक छोटं निपल असतं. तिथून थ्रॉटलच्या पुढच्या मॅनिफोल्डला नळी जोडली की बूस्ट आतल्या डायफ्रामवर स्प्रिंगच्या बाजूने दाबतो आणि रेलचा दाब तेवढाच वाढतो. आयडलला २.४, बूस्टला ३.६. फरक कायम ३. काटा हलायलाच हवा! आम्ही ते निपल "कशाला तरी असेल" म्हणून उघडं सोडलं होतं. (आणि हो, व्हॅक्युममध्ये ही नळी आपोआप चिकटून बसते, बूस्टमध्ये उडते. बांधा.)

नळी जोडली, लॅम्डा जागेवर आला. दुसऱ्याच रनला रेलच्या तोंडावरचा होज सटकला.

पेट्रोलचा फवारा डोक्याएवढा उंच उडाला. वर्कशॉपच्या मामांनी दाराजवळ पंपाचा वेगळा कट-ऑफ स्विच लावायला लावला होता, तेव्हा आम्ही हसलो होतो. मामांनीच तो दाबला. या इंजिनात इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून तापलेल्या टर्बोवर थेंब गेला नाही. माझा पार्टनर त्या वेळी गेज वाचायला इनटेकच्या बाजूला वाकलेला होता. त्याचा शर्ट भिजला. त्याच्या आईला आम्ही अजून हे सांगितलेलं नाही.

चूक शंभर टक्के माझी. निपल मी लेथवर गुळगुळीत केलं होतं, होज अडवायला उंचवटाच ठेवला नव्हता. वर स्क्रू फिरवून आवळायची साधी होज क्लिप, तीही इतकी आवळलेली की पट्टीच्या खाचांनी रबर कापलं. त्यात तो जाड पाइप! ३.६ बारला ८ मिमीच्या होजला बाहेर ढकलणारा जोर १८ न्यूटन असतो, १० मिमीला २८. म्हणजे जाड पाइपाने पेट्रोल वाढवलं नाही, सटकायचा जोर तेवढा वाढवला.

आता निपलला उंचवटा आहे आणि गोल कडांच्या, पूर्ण वेढा घेणाऱ्या नट-बोल्टच्या क्लिपा आहेत. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत फ्युएल लाइनला ती स्क्रूवाली क्लिप चालतच नाही. आधी वाचलं असतं तर! होज एसएई जे३० आर९ दर्जाचा, आतून फ्लोरोइलास्टोमरचा घेतला, कारण २०२५ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. रेल बोल्टने मॅनिफोल्डला पक्की केली, इंजेक्टरच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं. टेफ्लॉन टेप कुठेही नाही. तिचा एक धागा इंजेक्टर बंद करायला पुरतो.

आणि एक टेस्ट, जी आता आम्ही दर वेळी करतो. इंजिन बंद आणि थंड, अग्निशामक हाताशी, फक्त पंप चालू: काटा ३ वर. रेग्युलेटरच्या निपलला छोट्या हातपंपाने ०.६ बार हवा द्यायची: काटा ३.६ वर गेला पाहिजे. तसाच पाच मिनिटं ठेवून प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळून बघायचा. रेग्युलेटर आणि गळती, दोन्ही एकदमच कळतं. टिश्यूचं पाकीट मामांच्या ड्रॉवरमध्ये असतं. संपलं तर आणून ठेवा, ते विचारतात.