डोंगर उजव्या हाताला

पहिन्याच्या पुढे डांबरी रस्ता सुटतो, तिथे आत्या थांबते, चपला काढते, एकमेकींवर आपटून त्यांचा चिखल झाडते आणि पिशवीत टाकते. ‘‘आता फेरी सुरू.’’

त्र्यंबकहून पहाटेपासून तंगडतोड केली ती मग कशात धरायची, असं दादा विचारतो.

‘‘ते रस्त्याने चालणं,’’ आत्या म्हणते आणि बांधावर पाय ठेवते.

श्रावणातला दुसरा सोमवार आहे. नाशिककरांना ब्रह्मगिरीची फेरी म्हटलं की तिसरा सोमवार आठवतो. रविवार रात्रीपासून जादा एसटी गाड्या, कुशावर्तावर मुंगीला शिरायला जागा नाही, चहाचे स्टॉल रात्रभर पेटलेले, ‘बम बम भोले’ करत पळणारी पोरं. नाशिक जिल्हा ओलांडला की मात्र या फेरीचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्र्यंबकेश्वरला देशभरातून माणूस येतो, ज्योतिर्लिंगाच्या रांगेत उभा राहतो, पूजा उरकतो, पेढे घेतो आणि गाडीत बसतो. देवळामागच्या अख्ख्या डोंगराला पायी वळसा घालता येतो, हे त्याच्या गावीही नसतं. लहान फेरी वीस किलोमीटरच्या आसपास, मोठी जवळपास दुप्पट. आम्ही लहानीवरच आहोत. दुसरा सोमवार आत्याने निवडला आहे. ‘‘तिसऱ्या सोमवारी माणसं बघायची की डोंगर?’’

डोंगर तरी कुठे दिसतोय! ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच, पण आज त्याचा कमरेवरचा भाग ढगात आहे. खाली काळ्या कातळाची पट्टी आणि तिच्यावरून सुटलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा, एवढंच काय ते दर्शन. सई मोबाईल वर धरते, खाली घेते, पुसते, पुन्हा धरते. आत्या मान वर करतच नाही. ‘‘उजव्या हाताला आहे ना? झालं तर मग.’’ प्रदक्षिणेचा नियम तेवढाच. डोंगर उजव्या हाताला, तोंड पुढे.

वाट आता बांधांवरून जाते. दोन्हीकडे भाताची खाचरं. आवणी बहुतेक उरकली आहे. एका खाचरात तेवढ्या पाच-सहा बायका अजून वाकलेल्या आहेत, पाठीवर प्लास्टिकचे कागद, कमरेपाशी दोरीने बांधलेले. पूर्वी इथे इरली असत, आत्या सांगते, बांबूच्या काड्यांची, वर पळसाची पानं. त्या बायका रोपांची जुडी डाव्या हातात धरतात, अंगठ्याने दोन-तीन काड्या मोकळ्या करतात आणि उजव्या हाताने चिखलात खोचून मागे सरकतात. डोळे रोपावर नसतात, गप्पा चालू असतात, तरी ओळ वाकडी होत नाही. त्यातली एक आमच्याकडे बघून काहीतरी म्हणते आणि बाकीच्या हसतात. बहुधा वहिनीच्या पांढऱ्या बुटांबद्दल असावं. बूट आता पांढरे राहिलेले नाहीत.

गौतम ऋषींची कथा या भातातच घडलेली आहे. दुष्काळात त्यांच्या शेतात तेवढं पिकत होतं, इतर ऋषींना ते सलत होतं. शेतात मायेची गाय शिरली, गौतमांनी दर्भाच्या काडीने हाकलली, ती तिथेच मेली. गोहत्येचं पाप लागलं. मग तप, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणा, शंकराने जटा आपटून सोडलेली गंगा आणि पळू पाहणाऱ्या त्या गंगेला कुशाने अडवलेलं ते कुशावर्त. आत्या ही कथा बांधावरून चालता चालता, दम न लागता सांगते.

‘‘म्हणजे त्यांना फसवलं,’’ सई म्हणते.

‘‘फसवलंच.’’

‘‘आणि शिक्षा त्यांनाच?’’

‘‘गंगा पण त्यांनाच मिळाली,’’ आत्या म्हणते. सईला हे पटलेलं नाही. मलाही पटलेलं नाही. पण इथे उभं राहिलं की कथेत भात का आला असावा ते कळतं. या पट्ट्यात दुसरं येणार काय? उतारावर नागली, वरई, खुरासणी आणि जिथे पाणी तुंबतं तिथे भात.

पाण्याचं म्हणायचं तर या फेरीत एक गंमत आहे, ती पोथीत सापडायची नाही. त्र्यंबकच्या बाजूला पडलेला पाऊस गोदावरीत जातो आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. आता आम्ही ज्या बाजूला आलो आहोत तिथलं पाणी वैतरणेकडे वळतं आणि विरारच्या उत्तरेला अरबी समुद्रात जातं. मध्ये कुठेतरी आम्ही ती पाणलोटाची रेघ ओलांडली. कुठे, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, पाटी नाही, दगड नाही. दादा बोरिवलीला राहतो. मी त्याला सांगते की घोटीजवळचं ऊर्ध्व वैतरणा धरण १९७३चं आणि त्याखालचा तुमचा मोडकसागर १९५७चा, दोन्ही या बाजूच्या पावसावर भरतात. दादा समोरच्या गढूळ ओहोळाकडे बघतो. ‘‘म्हणजे आपण उद्या जे पिणार ते आज तुडवायचं?’’

तुडवायचंच आहे, कारण ओहोळावर पूल नाही. पाणी गुडघ्याच्या जरा खाली आहे, पण ओढ चांगली. आत्या काठावर बसून आधी पायाकडे बघते. जोडव्यांना तिने घरूनच पांढरा दोरा गुंडाळला आहे, चिखलात निसटू नयेत म्हणून. दोरा आता लाल झाला आहे. ती प्रत्येक जोडवं चिमटीत धरून फिरवून बघते, बसलंय याची खात्री करते, मगच उठते. आम्ही हात धरून साखळी करतो. पहिली आत्या, मग सई, वहिनी, मी, शेवटी दादा. पायाखालचे गोटे घरंगळतात. पाणी थंड आहे, पण चालून तापलेल्या पोटऱ्यांना ते झकास वाटतं. पलीकडे पोचल्यावर आत्या मागे वळून बोटाने एकेक डोकं मोजते, आपण पाचच माणसं आहोत याचं भान न ठेवता.

पाऊस वाढतो. धाडोशीच्या अलीकडे एका घराच्या पडवीत चहा मिळतो. दोन बाकडी, एक चूल, बरणीत राजगिऱ्याचे लाडू, टोपलीत उकडलेली रताळी, शेजारी निखाऱ्यावर मक्याची कणसं. घरची बाई कोरा चहा देते, दूध संपलं म्हणते. दारात तिचा मुलगा करटोल्यांचा ढीग लावून बसला आहे. ‘‘पुढच्या सोमवारी या ना,’’ ती म्हणते, ‘‘तेव्हा काय गर्दी असती!’’ तिच्या दृष्टीने आमचा सोमवार फुकट गेलेला आहे. ओटीवर तिच्या सासूबाई नागलीचं पीठ चाळत बसल्या आहेत. आत्या आणि त्या एकमेकींचे गुडघे विचारून घेतात. वहिनी रताळं घेते. सई कणसाकडे बघते, मग आत्याकडे.

‘‘उपास आहे ना तुझा?’’

‘‘आहे.’’

‘‘खा. चालणाऱ्याला चालतं.’’ असा काही नियम नाही. आत्याने तो आत्ता केला.

पडवीत बसूनच निवृत्तीनाथांचा विषय निघतो. त्यांची समाधी त्र्यंबकला आहे, पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आणि हीच ती फेरी. विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि चार मुलं, वाळीत टाकलेलं कुटुंब, अनुष्ठान म्हणून ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत होतं. रात्रीच्या वेळी वाघ आडवा आला. पळापळीत निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ होते. तिथून नाथपंथाचा धागा निवृत्तीकडे आला, निवृत्तीकडून ज्ञानदेवांकडे. कीर्तनात बुवा हा प्रसंग रंगवतात तेव्हा मंडपात टाळ्या पडतात.

आत्या बशीतला चहा संपवते. ‘‘मला लहानपणापासून एकच वाटतं,’’ ती म्हणते. ‘‘त्या आईचं काय झालं असेल? पोरगं गुहेत गेलं, त्याला गुरू भेटला, सगळं चांगलं झालं. पण तो परत येईपर्यंत काही दिवस गेले म्हणतात. ते दिवस तिने कसे काढले, हे एक बुवा सांगत नाही.’’

कुणी काही बोलत नाही. परंपरेने निवृत्तीनाथांचा जन्म १२७३चा मानतात, मुक्ताबाईचा १२७९चा. निवृत्ती तेव्हा आठ-नऊ वर्षांचा धरला तर मुक्ता दोन-तीन वर्षांची, म्हणजे कडेवरची. सोपान चार-पाचचा, तोही अंधारात धड चालणारा नव्हे. मी वळचणीच्या पलीकडे बघते. दिवसा अकरा वाजता शंभर पावलांपुढचं झाड दिसत नाहीये. रात्री, वाघाच्या रानात, एक मूल कडेवर, दोन पदराला आणि चौथं सापडत नाही. मला वाटतं, गहिनीनाथांच्या गुहेत काय झालं यावर आपण इतकं बोललो आहोत की गुहेबाहेरचं विचारायला एखादी आत्याच लागते.

‘‘तिला शोधताच आलं नसेल,’’ सई म्हणते. ‘‘बाकीच्यांना ठेवून जाणार कुठे?’’

‘‘तेच,’’ आत्या म्हणते आणि चहाचे पैसे देते. दादाला देऊ देत नाही.

धाडोशी मागे पडते. वाट चढते, उतरते, पुन्हा चढते. शेवाळलेल्या दगडावर वहिनी घसरते, सावरते, हसते. बांधावर तेरडा फुलला आहे. आमच्या मागून चार तरुण येतात, अनवाणी, ‘गौतम ऋषी की जय’ म्हणून आरोळी ठोकतात आणि उत्तराची वाट न बघता ढगात शिरतात. सई त्यांच्यामागे जोरात चालू लागते. पाच मिनिटांत ती दिसेनाशी होते. आत्या हाक मारते. उत्तर नाही. पुन्हा मारते, या वेळी आवाज चांगलाच चढलेला. ‘‘अगं, मोठी आहे ती,’’ दादा म्हणतो, ‘‘सतराची.’’ आत्या त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, पावलं उचलते. पुढच्या वळणावर सई कातळावर बसलेली सापडते, कानात इअरफोन.

‘‘काढ ते,’’ आत्या म्हणते.

सई काढते. कुरकुर नाही. पुढचा बराच वेळ ती आत्याच्या अर्धं पाऊल मागे चालते.

सापगावपाशी पुन्हा डांबर लागतं आणि डांबराबरोबर काळी-पिवळी जीप. इथून त्र्यंबकपर्यंतचा उरलेला टप्पा रस्त्याचाच आहे. दादाची टाच सोलली आहे. मोजा काढून त्याने मघाशीच रुमाल बांधला होता, तोही आता भिजला. तो जीपवाल्याला भाडं विचारतो. फेरी गाडीत बसून पुरी होते का, यावर वहिनी आणि त्याच्यात छोटीशी वादावादी होते. मला वाटतं वहिनी बसेल आणि दादा हट्टाने चालेल. होतं उलटंच. वहिनी बुटाची नाडी पुन्हा बांधते, ‘‘एवढं आलेय तर आता काय,’’ म्हणते आणि चालू लागते.

आत्या पिशवीतून चपला काढून पायात घालते, कारण पुन्हा रस्ता आला. ‘‘मावशी, बसा तुम्ही पण,’’ जीपवाला म्हणतो, ‘‘तुमचे पैसे नको.’’

‘‘मला नको. याला तेवढं ने.’’ दादा मागच्या बाकावर दोन पोत्यांच्या मध्ये जागा करून बसतो. पन्नाशीचा माणूस, केस अर्धे पिकलेले. आत्या खिडकीतून आत वाकते. ‘‘निवृत्तीनाथांच्या देवळापाशी उतर. आम्ही येईपर्यंत तिथून हलायचं नाही. फोन लागत नाही तिथे, शोधत बसू नकोस आम्हाला.’’ मग ती जीपवाल्याकडे वळते. ‘‘आणि झोपला तर उठव रे बाबा, नाहीतर पार नाशिकला जाईल.’’