इशारा गोठ्यापर्यंत पोहोचला पाहिजे

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याचा वाद पुन्हा तापला आहे. पुराच्या भीतीने त्याविरुद्धचा लढा लढायलाच हवा. पण कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठाला येत्या पावसाळ्यात तारेल ती वेळेवर मिळालेली सूचना, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो तो जिल्ह्याला किंवा फार तर त्याच्या घाटभागाला, एकेका गावाला नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यात एका टोकाला धो धो कोसळणारा गगनबावडा, तर दुसऱ्या टोकाला बेताच्या पावसाचा शिरोळ. शिरोळात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं, कारण पाऊस वर घाटात झालेला असतो. त्यात कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमापासून मागे पंचगंगेला फुगवटा येतो.

म्हणून इथला माणूस विचारतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले? एका दरवाजातून 1428 क्युसेक. बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. जलसंपदा विभागाचे हे आकडे तोंडपाठ असलेला समाज प्रशासनाला आयता मिळाला आहे.

मात्र जुन्या अनुभवाच्या भरवशावर राहणं जीवघेणं ठरतं. 2019 च्या महापुरात ‘2005 च्या पुरात इथं पाणी आलं नव्हतं’ म्हणून अनेक जण घरीच थांबले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेलं. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला सुटकेची बोट उलटली आणि माणसं गेली. दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, कोल्हापुरात पाणी 56 फुटांवर पोहोचलं.

घर न सोडण्यामागे आणखी एक कारण असतं: दावणीची जनावरं. दुभती म्हैस पाण्यात सोडून कोण निघेल? तिच्या चाऱ्याची, निवाऱ्याची सोय नसेल तर ‘स्थलांतर करा’ ही नोटीस कागदावरच राहते. पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावांना हे नव्याने सांगायला नको.

तेव्हा जूनआधीच प्रत्येक पूरगावात ग्रामपंचायत, तलाठी आणि जलसंपदाचे अभियंते यांनी एकत्र बसावं. बंधाऱ्यावर किती फूट झाले की कुठला रस्ता बंद होतो, कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे विजेच्या खांबांवर रंगवावं. जनावरांच्या छावणीची जागा आधीच ठरवावी. कर्नाटकातून अलमट्टीच्या विसर्गाची आणि पातळीची माहिती रोजच्या रोज गावापर्यंत यावी. अलमट्टीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. ही कामं मात्र आपल्याच हातातली आहेत आणि ती याच उन्हाळ्यात व्हायला हवीत.