सायलेन्सरमधले फटाके

पेट्रोल जळायचं ते सिलिंडरमध्ये. तिथे न जळता ते पुढे सरकलं आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपात त्याला हवा मिळाली, की 'फाट्' असा आवाज निघतो. मॉडिफाय केलेल्या गाड्या फटाके मारतात त्या अशा. मात्र पेट्रोल तिथवर का पोचलं, याचं कारण प्रत्येक गाडीत एकच नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांमध्ये हा फरक मला नीट बघायला मिळाला.

पहिली होती जुनी, कार्बोरेटरची जिप्सी. मूळ मॅनिफोल्ड काढून हेडर बसवलेला, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर. करूळ घाट उतरताना रेस सोडली की फटाके सुरू होतात, ही तक्रार. रेस सोडल्यावर थ्रॉटल मिटतो, पण उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. कार्बोरेटर थोडं थोडं पेट्रोल देतच असतो. आत मिश्रण इतकं कमी जातं की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही आणि तसंच बाहेर ढकललं जातं. आता फक्त हवा हवी.

ती कुठून येते हे मिस्त्रींनी दहा मिनिटांत दाखवलं. गार इंजिन चालू केलं, हाताखालच्या पोराला सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा धरायला लावला आणि हेडरच्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. शेवटच्या सिलिंडरपाशी फेस उसळला. "हितनं खातंय बघा हवा." एरवी धूर बाहेर टाकणारी ती फट, रेस सोडली की पाइपातला दाब खाली जाणाऱ्या क्षणांमध्ये बाहेरची हवा आत ओढते. हेडर उतरवला तेव्हा गास्केटची एक कड जळालेली होती. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली, तर तिच्याखालून उजेड दिसत होता. तापून वाकलेली ती फ्लँज सपाट घासून नवं गास्केट टाकलं, आयडलचं मिश्रण पुन्हा लावलं. उतारावरच्या चाचणीत आवाज आला नाही.

शेजारची टर्बो हॅचबॅक मात्र पैसे मोजून फटाके मारत होती. अशा गाडीचा मूळ प्रोग्राम रेस सोडताच इंजेक्टर बंद करतो, म्हणजे पाइपात जळायला काही जातच नाही. हिच्या ईसीयूमध्ये 'पॉप्स अँड बँग्स'चा मॅप टाकलेला. लॅपटॉप जोडून इंजिन रेस केलं आणि सोडलं, तर इंजेक्टरचा आकडा शून्यावर यायला तयार नाही आणि टाइमिंगचा आकडा उणे. पिस्टन वर पोचण्याच्या आधी पडायची ठिणगी तो खाली वळल्यावर पडत होती. ज्वलन अर्धवट असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेली आग टर्बोतून पाइपात शिरते. कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकलेला, त्यामुळे वाटेत अडवणारंही काही नाही.

या आवाजाला ताकद समजणाऱ्या मुलांविषयी मला खरोखर काळजी वाटते. त्या क्षणी इंजिन गाडीला ओढत नसतं, तेव्हा हे पेट्रोल एक इंचही पुढे नेत नाही. ती उष्णता व्हॉल्व्ह आणि टर्बोचं चाक सोसतं. कॅट जागेवर असेल तर त्याची सिरॅमिकची जाळी वितळते, तुकडे होऊन पाइप तुंबतो आणि उलट पिकअप मरतो. रस्त्यावर कानाशी स्फोट झाल्यासारखा दचकलेला दुचाकीवाला तोल घालवतो, ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2)नुसार आवाजाची मर्यादा मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी आपोआप फटाके मारायला लागली, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी एक्झॉस्टचे जोड तपासून घ्या. आणि मॅप हौसेनं मारून घेतला असेल, तर मूळ प्रोग्राम परत टाकता येतो, काढलेला कॅटही परत बसतो. टर्बो शाबूत आहे तोवर हे करून घ्या.