पेरणीचे कर्ज आणि मळणीचे बक्षीस

१९८५ साली सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकले, तेव्हा साऱ्या जगाने त्याच्या वयाचे कौतुक केले. त्याच्या गावाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. पश्चिम जर्मनीतील लायमेन या लहान गावी टेनिस केंद्र होते आणि ते त्याच्या वास्तुविशारद वडिलांनीच बांधले होते. बेकरची गुणवत्ता निर्विवाद होती. परंतु तिला वाढण्यास घराजवळच जागा मिळाली, हेही तितकेच खरे. ज्यांना ती मिळत नाही त्यांचे काय, हा प्रश्न क्रीडेइतकाच अर्थशास्त्राचा आहे.

आपल्याकडील ऋतुजा भोसले हिची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९९६ साली श्रीरामपूर येथे जन्मलेली ही खेळाडू २०१२ मध्ये, शाळकरी वयातच, भारताच्या महिला संघातून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावूनही या जोडीने तैपेईच्या जोडीवर मात केली. या दोन घटनांमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. खेळाडू टिकतो की संपतो, हे याच काळात ठरते.

कारण या वर्षांत खर्च निश्चित असतो आणि उत्पन्न अनिश्चित. सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर. तीतील सुमारे सहावा भाग एकेरीच्या विजेत्याला मिळतो आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला विमानाचे भाडेही सुटत नाही. प्रवास, निवास व प्रशिक्षक यांचा खर्च मात्र हरणाऱ्यालाही चुकत नाही. ऋतुजाने या काळातील काही वर्षे अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळत शिक्षणात घालविली. तेथील विद्यापीठे निवडक खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, सराव व स्पर्धांची सोय करतात. आणि खेळात यश आले नाही तरी पदवी हाती राहते. जोखीम एकट्या कुटुंबावर न पडता संस्थेत वाटली जाते, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

आपल्या शासनाने २०२३ मध्ये आशियाई सुवर्णपदकासाठी एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. हे सर्व स्वागतार्हच. तथापि हे मळणीनंतरचे बक्षीस आहे. सेनगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते. बाजारात भाव कितीही चांगला असो, लागवडीच्या वेळी बेणे व खत यांसाठी पैसा नसेल तर तो भाव त्याच्या काय कामाचा? म्हणूनच पीककर्जाची व्यवस्था करावी लागली. खेळाडूसाठी तशी व्यवस्था अद्याप तोकडीच आहे.

१९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला जाण्यास निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यातून भारताला ऑलिंपिकमधील कुस्तीचे पहिले पदक मिळाले. या त्यागाचा आपण अभिमान बाळगतो. परंतु प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागणे हा व्यवस्थेचा पराभव होता, हे सोयीस्करपणे विसरतो.

यावर कोणी म्हणेल, सेनगावात टेनिस खेळते कोण? प्रश्न रास्त आहे. पण कबड्डीच्या मैदानावरील मुलीला किंवा भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलालाही हाच हिशेब लागू पडतो. बूट, आहार आणि बाहेरगावच्या स्पर्धेचे भाडे यांची गरज पदकापूर्वी असते. विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी निवडक मुलांना निकालाची वाट न पाहता तीन-चार वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी. त्यांतील अनेक जण पदकापर्यंत पोहोचणार नाहीत, हे गृहीत धरूनच ती द्यावी. प्रत्येक पेरणी साधत नाही, म्हणून कोणी पेरणे सोडत नाही.