चार आकडे मोकळे, पाचवा बांधलेला

विद्यार्थ्यांनो, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. भेंडीचे 'परभणी क्रांती' आणि ज्वारीचे 'परभणी मोती' ही वाणे तेथेच तयार झाली. नवे वाण शेतकऱ्यांना देण्यापूर्वी ते अनेक वाफ्यांत पेरून पाहतात.

समजा, सारख्या आकाराच्या पाच वाफ्यांत सरासरी ६ किलो ज्वारी निघाली. म्हणजे एकूण ३० किलो. चार वाफ्यांचे आकडे कोणतेही असू शकतात; पण ते ५, ७, ४ आणि ८ असले, तर पाचवा ६ च असणार. मोकळे आकडे चारच. यांनाच संख्याशास्त्रात 'स्वातंत्र्याच्या मात्रा' म्हणतात.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहा. त्या फरकांच्या वर्गांची बेरीज १० येते. तिला पाचाने भागले तर २ आणि चाराने भागले तर २.५ मिळतात. पाचाने भागल्यास वाणातील चढउतार बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मग बेभरवशाचे बियाणेही भरवशाचे वाटते आणि शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून चारानेच भागतात.

सांगा पाहू, वाफे बारा असते तर कितीने भागाल?